समुद्राकडे पाठ करून जेवायला बसावे का?

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा आहे. त्यांचे अकरा जणांचे एकत्र कुटुंब दरवर्षी सुटीतला एक आठवडा समुद्रकिनाऱ्यावरच्या एका पर्यटनस्थळी घालवते आणि मुक्कामापासून जेवणापर्यंतची सगळी जुळवाजुळव त्यांच्याकडे असते. गेल्या वर्षी त्यांनी मोबाइलवरची रेटिंग पाहून ऐन किनाऱ्यावरचे एक इटालियन रेस्टॉरंट निवडले. तिथे पाऊण तास वाट पाहिल्यावर लगदा झालेला पास्ता आणि मधोमध ओला राहिलेला पिझ्झा समोर आला. तेव्हापासून घरात काहीही बिघडले की 'वहिनींनी निवडलेले दिसते' हा विनोद ठरलेला. यंदा त्याच गावी सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस साजरा करायचा आहे. सासूबाईंना इटालियन जेवण फार आवडते आणि त्या शाकाहारी आहेत. दिरांचे म्हणणे असे की समुद्रावर जाऊन पास्ता कसला खायचा, मासे खावेत. 'रोज नवे पर्यटक येणाऱ्या अशा गावात अस्सल इटालियन रेस्टॉरंट ओळखायचे कसे, आणि यंदा माझी निवड चुकणार नाही याची खात्री कशी करून घ्यायची?' असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय वाचक भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की त्यात 'अस्सल' हा शब्द सहा वेळा आला आहे आणि 'चविष्ट' हा शब्द एकदाही आलेला नाही. गेल्या वर्षीच्या फजितीनंतर हे साहजिक आहे. एकदा तोंड पोळले की माणूस स्वतःच्या जिभेपेक्षा बाहेरच्या शिक्क्यावर अधिक विसंबतो. पण सुरुवात या शब्दापासूनच करावी लागेल, कारण 'अस्सल इटालियन' नावाचे एकच एक जेवण इटलीतही मिळत नाही.

इटली हे राज्य म्हणून एक झाले ते १८६१ मध्ये, आणि स्वयंपाकाच्या बाबतीत ते आजही पुरते एक झालेले नाही. जेनोवाचा पेस्तो सॉस बेसिल, पाइनच्या बिया, लसूण, चीज आणि ऑलिव्ह तेलाचा. मिलानचा रिझोत्तो, म्हणजे मऊसर शिजवलेला भात, केशराचा. रोमचा कार्बोनारा पास्ता अंडी, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस आणि मिरी यांचा. आणि पिझ्झ्यावर पहिला हक्क नेपल्सचा. यांपैकी एका शहरात हात बसलेला आचारी दुसऱ्या शहराचा पदार्थही तितक्याच सफाईने करील, असे तिथेही कोणी गृहीत धरत नाही. शिवाय यांतले सगळेच काही पुरातन नाही. कार्बोनारा रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तिरामिसू हे मिष्टान्न तर बहुधा तुमच्या सासऱ्यांपेक्षा वयाने लहान असेल. तेव्हा 'हे अस्सल आहे का' याऐवजी 'हे स्वयंपाकघर जे करतो म्हणून सांगते ते मन लावून करते का' असे विचारावे, असे मी सुचवीन. कार्बोनारात क्रीम घातले म्हणून मी कोणाला फासावर चढवणार नाही. पण अंड्याचा रस न फुटू देता पास्त्याला लावणे जमत नाही म्हणून क्रीम घातले जात असेल, तर तिथे बाकी काय काय झाकले जात असेल याची शंका मला येते.

आता तुमच्या गावाविषयी. पर्यटनाच्या गावात रेस्टॉरंट वाईट निघण्याचे कारण बहुतेक वेळा आचाऱ्याच्या अज्ञानात नसते, ते गिऱ्हाइकाच्या स्वभावात असते. वस्तीतल्या खानावळीला कालचे गिऱ्हाईक उद्या परत यावे लागते. किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटला तशी गरज नसते, कारण आज नाराज होऊन गेलेले कुटुंब परवा गावातूनच निघून जाणार असते आणि त्याच्या जागी दुसरे येणार असते. त्यात समोरच्या जागेचे भाडे सर्वांत जास्त, हंगाम चार महिन्यांचा, दर हंगामाला नवे कर्मचारी, आणि सूर्य मावळला की अर्ध्या तासात सगळी टेबले एकदम भरणारी. या ताणाखाली स्वयंपाकघर सोपा मार्ग धरते: पास्ता दुपारीच उकडून ठेवायचा, पिझ्झ्याची पोळी अर्धी भाजून ठेवायची, सॉस डब्यातला. तुम्हाला मागच्या वर्षी मिळाले ते हेच असावे. म्हणून तुमचा शोध इटालियन माणसाचा असण्याची गरज नाही. ज्या रेस्टॉरंटला परत येणाऱ्या माणसांवर जगावे लागते अशा रेस्टॉरंटचा तो असावा. हंगाम संपल्यावरही जे उघडे असते, जिथे हॉटेलांतले कर्मचारी, शाळेतले शिक्षक, गावातले डॉक्टर आपापल्या घरच्यांना घेऊन जेवायला येतात, ते बघावे.

रेटिंग कसे वाचावे हेही यावरूनच ठरते. सुटीवर आलेला माणूस संध्याकाळी प्रसन्न असतो आणि पाचपैकी साडेचार तारे तो बऱ्याचदा सूर्यास्ताला देऊन जातो. एकूण सरासरीकडे दुर्लक्ष करा आणि ज्या अभिप्रायांत पदार्थाचे नाव आहे, तो कसा होता याचे वर्णन आहे, तेवढेच वाचा. हंगामाबाहेरच्या महिन्यांत लिहिलेले अभिप्राय मला अधिक विश्वासाचे वाटतात. 'आम्ही दुसऱ्यांदा आलो' हे एक वाक्य 'अप्रतिम वातावरण' या पन्नास वाक्यांपेक्षा मोलाचे आहे. गावात चौकशी करतानाही 'इथे चांगले इटालियन कुठे मिळते' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा कोणाच्या तरी ओळखीचे किंवा दलालीचे असते. 'तिथे गेलात तर तुम्ही स्वतः काय मागवता' असे विचारावे. जो तिथे खरोखर जेवला आहे तो पदार्थाचे नाव लगेच सांगतो. जो जेवलेला नाही तो 'सगळेच छान आहे' असे म्हणतो.

तुमच्या पत्रातली एक अट मला थोडी खटकली: टेबल समुद्रासमोरच हवे. ही अट कोणी घातली? सासूबाईंनी घातली असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. जेवण रात्री साडेआठला असेल तर समुद्र तसाही काळोखात असतो. दिसतात ते शेजारच्या रेस्टॉरंटचे दिवे. मीही एकदा अशाच एका ठिकाणी ऐन काठावरचे टेबल मिळावे म्हणून तासभर उभी राहिले होते. मिळाले ते टेबल वाऱ्याच्या तोंडावर होते, पास्ता दोन घासांत थंडगार झाला, आणि किसलेले चीज ताटात कमी, माझ्या मांडीवर जास्त पडले. समुद्र आणि जेवण यांची फारकत करून पाहा. संध्याकाळी सगळ्यांनी किनाऱ्यावर बसून सरबत प्यावे, छायाचित्रे काढावीत, आणि मग दोन गल्ल्या मागे चालत जाऊन जेवावे. सासऱ्यांना चालण्याचा त्रास असेल तर तेवढ्यापुरते वाहन करता येते.

रेस्टॉरंटच्या दाराबाहेर लावलेले मेन्यूकार्ड हा आत न जाता मिळणारा सर्वांत चांगला पुरावा आहे. पदार्थांची छायाचित्रे किंवा चार भाषांतली नावे दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नये; पर्यटकांच्या गावात ती सोय असते. संख्या मात्र मोजावी. तीस प्रकारचे पास्ते, पंचवीस पिझ्झे, सहा रिझोत्तो, शिवाय बर्गर आणि नूडल्स एकाच स्वयंपाकघरातून निघत असतील, तर तिथे शीतपेटी आणि मायक्रोवेव्ह यांचेच राज्य असणार. रिझोत्तोसाठी एका माणसाला चुलीजवळ सतरा-अठरा मिनिटे जवळजवळ खिळून राहावे लागते. ज्या कार्डावर 'वीस मिनिटे लागतील' किंवा 'किमान दोघांसाठी' अशी टीप असते तिथे तो खरोखर केला जात असण्याची शक्यता जास्त. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा सुमारे साडेचारशे अंश सेल्सिअसला साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांनी १९८४ मध्ये संघटना काढून त्याचे नियमच लिहून काढले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तसली भट्टी नसलेल्या ठिकाणीही चांगला पिझ्झा होऊ शकतो, पण तो वेगळ्या जातीचा असतो, जास्त वेळ भाजलेला आणि अधिक कुरकुरीत. त्याला 'नेपल्सचा' म्हणणारे कार्ड इतरत्रही थोडे सैल बोलत असणार. ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) तेल हा शब्द चार-पाच पदार्थांत दिसला तरी सावध व्हावे, कारण बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांचा वास प्रयोगशाळेत केलेल्या रसायनाचा असतो. आणि 'ताजा, हाताने केलेला पास्ता' या शब्दांनी भुलू नये. सुका पास्ता म्हणजे दुय्यम, हा गैरसमज आहे. ड्युरम गव्हाच्या रव्याचा चांगला सुका पास्ता ही इटलीची मोठी मिरास आहे, इतकी की सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असा कायदा तिथे १९६७ मध्ये झाला. ताजा अंड्याचा पास्ता आणि सुका पास्ता हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि माशांच्या किंवा तेल-लसणाच्या सॉसला बहुतेक वेळा सुकाच शोभतो.

एवढे करूनही खात्री होणार नाही. ती बाहेरून होतच नाही, आणि तुमच्या प्रश्नातल्या 'खात्री' या शब्दाशी माझा खरा मतभेद इथे आहे. तुम्ही अकरा जणांना थेट समारंभाच्या रात्रीच पहिल्यांदा तिथे नेणार आहात आणि आपला अंदाज बरोबर निघावा अशी आशा धरून आहात. लग्नाच्या हॉलचे जेवण आधी चाखून बघतो, मग इथे का नको? आठवडाभर मुक्काम आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, दोघांनीच जाऊन जेवून या. आणि त्या वेळी सर्वांत साधा पदार्थ मागवा: टोमॅटोची स्पगेटी, किंवा नुसत्या लसूण-तेल-मिरचीची आल्यो ए ओल्यो, आणि एक मार्गेरिता पिझ्झा. कोळंबी, क्रीम आणि चीज यांच्या ढिगाखाली कच्चा हात लपतो. टोमॅटोखाली लपायला जागा नसते.

ताट आले की पहिला घास घेण्याआधी काट्याने पास्ता थोडा बाजूला करून तळाशी बघा. तिथे गुलाबीसर पाणी साचले असेल तर पास्ता निथळून ताटात घातला आणि वरून सॉस ओतला, एवढेच झाले आहे. व्यवस्थित केलेल्या पास्त्यात शेवटची एक-दोन मिनिटे तो सॉससोबत तव्यातच परतलेला असतो आणि त्यात पास्त्याचेच थोडे पिठूळ पाणी घातलेले असते, त्यामुळे तेल आणि पाणी मिळून येतात आणि सॉस प्रत्येक तारेला धरून राहतो. ताटाचा तळ जवळजवळ कोरडा असतो. एक तार दाताने तोडून पाहा, मध्यभागी किंचित कणखर लागली पाहिजे. घड्याळाकडेही लक्ष ठेवा. सुक्या स्पगेटीला शिजायला आठ ते बारा मिनिटे लागतात, त्यामुळे ऑर्डर दिल्यावर चार मिनिटांत आलेली स्पगेटी आधी कधीतरी शिजलेली होती. पिझ्झ्याचा एक त्रिकोण उचलून खालची बाजू पाहा. करपलेले लहान ठिपके चांगले, एकसारखा फिकट पांढरा रंग वाईट. मागच्या वर्षीचा ओला मध्य बऱ्याचदा ओलसर मोझरेल्ला चीज न निथळता घातल्याने किंवा भट्टी पुरेशी तापलेली नसल्याने होतो, आणि हे दोन्ही दोष एका पिझ्झ्यातही दिसतात. त्यासाठी अकरा मागवण्याची गरज नाही.

या चाचणीच्या जेवणाला तुमच्याबरोबर कोणी यावे याविषयी माझे मत ठाम आहे: दिरांनी यावे. समुद्रावर मासेच खावेत हा त्यांचा आग्रह तुम्ही पत्रात विरोध म्हणून मांडला आहे, पण इटलीला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक किनारा लाभला आहे आणि शिंपल्यांची स्पगेटी, तळलेल्या लहान माशांचे आणि माकुळाचे मिश्र ताट, भाजलेला अख्खा मासा हे सगळे त्याच जेवणाचा भाग आहेत. जे रेस्टॉरंट स्थानिक बाजारातून आलेली मासळी इटालियन पद्धतीने करते, तिथे तुमची दोघांची बाजू एकाच टेबलावर बसते. त्यांना शिंपल्यांची स्पगेटी मागवू द्या आणि शिंपले आज कुठून आले हे वेटरला त्यांनाच विचारू द्या. इटलीतल्या मेन्यूकार्डांवर गोठवलेल्या पदार्थापुढे तारांकन करण्याची पद्धत आहे. तुमच्या गावात ती नसली तरी सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळते की नाही हे कळेलच. शिंपल्यांवर किसलेले चीज घालायला वेटरने आढेवेढे घेतले तर रागावू नका, मासळीच्या पास्त्यावर चीज न घालण्याचा रिवाज तिथे बराच कडक आहे आणि तो पाळणारा वेटर बहुधा पाळणाऱ्या स्वयंपाकघरातला असतो. अख्खा मासा वजनावर मिळत असेल तर वजन आणि भाव आधी विचारून घ्यावा. दिरांनी पसंत केलेल्या ठिकाणी रात्री काही बिघडलेच, तर तो विनोद तुमच्या एकटीच्या नावावर जमा होणार नाही, हा लहानसा फायदा मी मुद्दाम लक्षात आणून देते.

सासूबाईंच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागेल. त्यांना इटालियन आवडते असे तुम्ही लिहिता, पण त्यात नेमके काय आवडते ते लिहिलेले नाही. त्यांना विचारा. त्यांना फक्त पातळ पोळीचा पिझ्झा आवडत असेल तर सगळा शोधच सोपा होतो. आणि त्यांचे शाकाहारीपण किती काटेकोर आहे हेही विचारा, कारण पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने केलेले असते आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या. म्हणून पारंपरिक पेस्तोसुद्धा कडक शाकाहाऱ्यांना चालत नाही. अनेकांना हे माहीत नसते, अनेकांना माहीत असून चालते, तो त्यांचा निर्णय आहे. मिनेस्त्रोने सूप आणि रिझोत्तो यांत बहुधा मांसाचे किंवा कोंबडीचे पाणी असते, आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या काही टोमॅटो सॉसमध्ये खारवलेले अँकोव्ही मासे विरघळलेले असतात. दुपारी गेलात की हे तीन प्रश्न विचारून, उत्तरे लिहूनच आणा. सगळ्यावर पाणी पडले तरी आल्यो ए ओल्यो उरते, आणि मारिनारा पिझ्झाही, ज्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते. नावात खलाशी असूनही त्यात मासा नाही आणि चीजही नाही.

राहिली त्या रात्रीची व्यवस्था. अकरा जणांनी अकरा वेगळे पदार्थ मागवले तर चांगले स्वयंपाकघरही कोलमडते, कारण पास्ता तयार होताच खावा लागतो आणि पहिले ताट शेवटच्या ताटाची वाट पाहत बसू शकत नाही. दोन दिवस आधी जाऊन दोन पास्ते, तीन पिझ्झे आणि एक माशाचा पदार्थ एवढेच ठरवून या, ते टेबलाच्या मधोमध ठेवून वाटून घ्या, आणि सातची वेळ मागा. आधी पदार्थ ठरवायला रेस्टॉरंटने नकार दिला तर तिथे जाऊ नका.

आणि चाचणीत गावातली तिन्ही-चारही ठिकाणे नापास झाली तर? तर इटालियन रेस्टॉरंटचा हट्ट सोडा, इटालियन जेवणाचा सोडायची गरज नाही. मुक्कामाच्या ठिकाणी चूल असेल तर स्पगेटी, लसूण, सुकी मिरची आणि बरे ऑलिव्ह तेल घेऊन या. माणशी शंभर ग्रॅम पास्ता, दर शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, हे इटालियन घरांतले प्रमाण आहे. अकरा लिटर पाणी एका पातेल्यात मावणार नाही, म्हणून दोन खेपा करा आणि पहिली खेप सासू-सासऱ्यांना लगेच वाढा. लसूण मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंतच ठेवावा. तो तपकिरी झाला की कडवट होतो आणि तेलच बदलावे लागते. पास्ता निथळण्याआधी त्यातले एक मोठी वाटीभर पाणी आठवणीने काढून ठेवा, कारण एकदा चाळणीत ओतले की ते मोरीतून गेलेले असते.